कारागिराविना उभे राहणारे पिंप

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

प्रश्न : आमची लाकूडकामाची लहान कार्यशाळा आहे. बियाणे, साखर, निरनिराळ्या भुकट्या असा कोरडा माल दूरवर पाठवण्यासाठी आम्ही लाकडी पिंपे बनवतो. भरलेली पिंपे जातात तेव्हा भाड्याचे काही वाटत नाही, पण रिकामी परत येतात तेव्हा गाडीभर हवाच वाहून आणल्यासारखे होते. म्हणून १६ फळ्या लोखंडी बिजागऱ्यांनी जोडून आम्ही घडीचे पिंप करून पाहिले. पहिल्या खेपेला ते उत्तम उभे राहिले. दोन महिन्यांनी मात्र फळ्यांमधून उजेड दिसू लागला, काही बिजागऱ्या वाकल्या आणि पलीकडच्या गोदामातील माणसांना ते पुन्हा जुळवता येईना. चूक कुठे झाली आणि आराखडा कसा करावा?

उत्तर : पलीकडच्या माणसांना पिंप जुळवता आले नाही, हे आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण लाकडी पिंप हे मुळातच सुटे करता येणारे भांडे आहे. त्यात खिळा नसतो आणि सरसही नसतो. फळ्या एकमेकींना रेटतात, पट्टे त्यांना बाहेरून आवळतात, तळ आणि झाकण आतून टेकू देतात. पट्टे काढले की सगळे सुटते. या गुणाचा फायदा पूर्वी पुरेपूर घेतला गेला आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून कॅरिबियन बेटांकडे साखर आणि काकवी भरण्यासाठी जी पिंपे जात, ती पुष्कळदा फळ्यांच्या मोळ्या बांधून जात. व्हेलच्या शिकारीला निघालेली जहाजेही रिकाम्या पिंपांनी जागा अडू नये म्हणून सुट्या फळ्यांचे गठ्ठे बरोबर घेत आणि तेल मिळत जाईल तसतशी पिंपे जहाजावरच उभी केली जात. फरक एवढाच की त्या जहाजावर पिंपे घडवणारा कारागीर असे, आणि बेटांवरही तो असे.

म्हणजे घडी घालणे ही अडचण कधीच नव्हती. अडचण आहे ती पलीकडे कारागीर नसण्याची. तो माणूस कोणती फळी कोणत्या फळीशेजारी हे ओळखी, एखादी फळी फुगली असेल तर तिच्या कडेवरून रंधा फिरवी, वर्तुळ मिटेपर्यंत पट्टा ठोकी आणि सांधे बंद झाले की नाही हे नजरेने पारखी. आपल्याला हे प्रत्येक काम पिंपाच्या एखाद्या भागाकडे सोपवायचे आहे. या दृष्टीने पाहिले तर आपल्या तिन्ही तक्रारींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

आधी जोराचा हिशेब करू, कारण बहुतेक जण इथेच नको त्या जागी लोखंड वाढवतात. बाहेरून समोरासमोरच्या बाजूंमध्ये ४८ सेमी, उंची ७५ सेमी आणि फळी १२ मिमी जाड असे १६ फळ्यांचे सरळ पिंप धरा. आतले अंतर ४५.६ सेमी येते. दोन्ही टोकांचे काठ आणि तळ-झाकणाची जाडी वजा केली की आत ६६ सेमी उंची उरते, म्हणजे सुमारे १०९ लिटर जागा. त्यात साखर भरली तर वजन ९० किलोच्या आसपास जाते. ही साखर बाजूंना किती रेटते? कणांचा माल पाण्यासारखा पूर्ण दाब बाजूला देत नाही, तो स्वतःच्या घर्षणावर बराचसा तोलला जातो. तरीही सावधपणे तो पाण्यासारखाच वागतो असे मानले, तर सर्व पट्ट्यांवर मिळून येणारा ताण सुमारे ४२ किलो वजनाएवढा भरतो. साध्या पोलादाची २५ मिमी रुंद आणि १ मिमी जाड एकच पट्टी ६०० किलोंच्या आसपासचा ताण कायमची न ताणली जाता सोसते. मालाच्या दाबाने पिंप फुटत नाही. ते फुटते आपटल्याने, आणि सैल पडते लाकडाच्या फुगण्या-आकसण्याने.

हे फुगणे-आकसणे किती असते, ते एकदा आकड्यांत पाहण्यासारखे आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र हलते, आणि वाढीच्या कड्यांना स्पर्श करणाऱ्या दिशेत ते कड्यांना काटकोनात जाणाऱ्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट हलते. सर्वसाधारण जातींत ओलाव्यात दर १ टक्का फरक पडला की पहिल्या दिशेत रुंदी पाव टक्क्याच्या आसपास बदलते. दमट हवेत १४ टक्के ओलावा असलेले लाकूड कोरड्या गोदामात १० टक्क्यांवर आले की रुंदी सुमारे १ टक्क्याने कमी होते. एका फळीत हा बदल १ मिमीपेक्षा कमी असल्याने डोळ्यांना जाणवतही नाही, पण पिंपाच्या १५० सेमी घेरात तो दीड सेंटिमीटर होतो. आपल्याला दिसलेला उजेड तो हाच. फळ्या अशा कापून घ्याव्यात की वाढीच्या रेषा फळीच्या जाडीतून उभ्या जातील. त्याने हा बदल निम्म्यावर येतो. लाकूड थोडे जास्त वाया जाते, पण ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

आता पट्टा कितीही आवळला तरी ही फट का मिटत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. तळ आणि झाकण प्लायवुडचे असतील तर ते जवळजवळ आकसत नाहीत, कारण त्यांचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. फळ्या आकसतात, तळ तेवढाच राहतो, आणि मग फळ्यांचे वर्तुळ तळावर येऊन थांबते. पट्ट्याने आणखी जोर लावला तर तो जोर तळाला दाबण्यात जातो, सांधे मिटवण्यात नाही. अखंड लाकडाचा तळ केला तर तो एका दिशेने आकसून लंबगोल होतो आणि दुखणे नुसते जागा बदलते. दारू भरणाऱ्या पिंपात आतला द्रव फळ्यांना ओले आणि फुगलेले ठेवतो, म्हणून ती पिंपे गळत नाहीत. कोरड्या मालाच्या पिंपाला ही सोय नाही. तेव्हा सांधा पूर्ण बंद ठेवण्याचे काम लाकडाकडून काढून घ्या आणि ते आतल्या पिशवीला द्या. जाड कागदाची, घट्ट विणीच्या कापडाची किंवा प्लास्टिकची, मालाला साजेल ती पिशवी पिंपाच्या आकारापेक्षा थोडी मोठी शिवून घ्यावी, म्हणजे मालाचा भार तिच्या शिवणीवर न येता फळ्यांवर टेकतो. फळ्यांनी आघात सोसावा, पिशवीने भुकटी आणि दमट हवा रोखावी. ही वाटणी एकदा मान्य केली की १ मिमीची फट हा दोष राहत नाही. ती गृहीत धरलेली सूट होते. कोरड्या मालाची जुनी पिंपेही पातळ फळ्यांची आणि ढिल्या सांध्यांचीच असत, आणि त्यात त्या काळी कोणाला कमीपणा वाटत नसे.

बिजागऱ्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. लोखंडी बिजागरीने सांध्याचा वळण्याचा आस एका जागी कायमचा बांधला जातो. लाकूड आकसले की दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना टेकायच्या थांबतात आणि आघात कडेतून न जाता बिजागरीच्या स्क्रूंतून जाऊ लागतो. १२ मिमी जाडीच्या फळीत स्क्रूला पकड ती किती असणार! बिजागरीचे खरे काम फळ्यांचा क्रम राखणे एवढेच आहे, आणि त्याला सुती नवार पुरते. फळ्या उलट्या, बाहेरची बाजू वर करून, शेजारी शेजारी मांडाव्यात आणि नवारेच्या तीन पट्ट्या त्यांवर आडव्या ठेवून प्रत्येक फळीच्या मध्यावरच दोन-दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकावेत. कडेशी ठोकू नये, म्हणजे लाकडाला हलायला वाव राहतो. पिंप आवळणारे पट्टे येतात त्या जागा सोडून नवार लावावी, कारण पट्ट्याने थेट लाकडावर बसले पाहिजे.

अशी चटई मिटवून उभी केली की फळ्यांच्या उतरत्या कडा आतून एकमेकींना भिडतात. १६ फळ्यांना प्रत्येक कडेचा उतार ११.२५ अंशांचा येतो. हा कोन नीट कापला गेला तर मिटलेले वर्तुळ आणखी आत वळूच शकत नाही आणि कमानीसारखे स्वतःवर टेकते. चटई मोकळी केली की ती सपाट पडते, आणि मधल्या सांध्यावर बाहेरची बाजू आत घेऊन दुमडली की जवळजवळ ७६ बाय ७५ सेंटिमीटरची, अडीच सेंटिमीटरच्या आतबाहेर जाडीची चौरस घडी होते. तळ आणि झाकण तिच्यावर ठेवले तरी एकूण जाडी साडेपाच सेंटिमीटरच भरते. पट्टे आणि खटके धरूनही एका उभ्या पिंपाच्या जागेत पाच घड्या सहज मावाव्यात. नागमोडी घडी घालण्याचा मोह मात्र आवरावा. नवारेचे हे बिजागर बाहेरच्या बाजूला असल्याने फळ्या एकाच दिशेला दुमडतात. दुसऱ्या दिशेला त्या कडांवरच अडतात.

तळ गोल की बहुकोनी, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण आपल्या पिंपाची दुसरी कमजोरी बहुधा इथेच असणार. सपाट फळ्यांचे पिंप आतून गोल नसते, ते सोळा कोनांचे असते. वर दिलेल्या मापात फळीचा मध्य आणि तिचा कोपरा यांच्या केंद्रापासूनच्या अंतरांत साडेचार मिलिमीटरचा फरक पडतो. अशा पिंपात गोल तळ बसवला आणि फळीच्या मध्याशी ४ मिमी खोल खोबण पाडली, तर कोपऱ्यांशी तळ खोबणीत पोचतच नाही. यावर जुन्या कारागिरांचा उपाय फळ्या आतून पोखरून गोलाकार करण्याचा होता. फळ्यांची संख्या २४ केली तर फरक २ मिमीवर येतो, पण सांधेही वाढतात. मला सर्वांत सरळ वाटते ते हे की तळ आणि झाकणही सोळा बाजूंचेच कापावेत. मग खोबण सरळ रेषेत, साध्या करवतीवर पडते, तळाची प्रत्येक बाजू एकेका फळीला आपली जागा दाखवते, आणि पिंप जुळवणाऱ्याला काही आठवावे लागत नाही. खोबण फळीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नसावी, आणि खोबणीपासून टोकापर्यंतचा काठ किमान अडीच-तीन सेंटिमीटर ठेवावा. तो अपुरा ठेवला तर पिंप काठावर पडताच खोबणीच्या रेषेत ढलपी निघते.

राहिला पट्टा. चार पट्टे पुरेत : दोन तळ-झाकणाच्या खोबणींवर नेमके, दोन मध्ये. पोलादी पिंपांच्या झाकणावर असतो तसा तरफेचा खटका प्रत्येक पट्ट्याला लावावा, पण त्याच्या मागे आट्याचा स्क्रू हवाच, कारण खटक्याची ओढ ठरावीक असते आणि घेर ऋतूप्रमाणे दीड सेंटिमीटर बदलतो. किमान दोन सेंटिमीटरचा वाव ठेवा. इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एका जागी आवळलेला पट्टा सगळीकडे सारखा आवळला जात नाही. लोखंड आणि लाकूड यांच्यातील घर्षणांक ०.३ धरला, तर खटक्याशी १०० असलेला ताण नेमक्या पाठीमागच्या बाजूला सुमारे ४० उरतो. कारागीर पट्ट्यावर सगळीकडून ठोके घालीत फिरत असे, ते यासाठी. आपल्या पिंपाला प्रत्येक पट्ट्यावर समोरासमोर दोन खटके दिले तर सर्वांत सैल जागीही ताण ६० च्या वर राहतो. दुसरा खटका म्हणजे थोडा जास्तीचा खर्च, पण तो ठोके घालणाऱ्या माणसाच्या जागी काम करतो.

लाकडी चाकावरची धाव तापवून चढवतात आणि ती थंड होताना चाकाला आवळते, तसे काही इथे करता येईल का, असे आपल्या पत्राच्या समासात लिहिलेले दिसले. करता येईल, पण मग ती धाव काढायला आणि पुन्हा चढवायला तोच लोहार प्रत्येक गोदामात लागेल.

प्रश्न : पिंप म्हटले की पोट फुगलेलेच डोळ्यांपुढे येते. घडीच्या पिंपाला फुगवटा ठेवता येणार नाही का?

उत्तर : सुट्या फळ्यांच्या पिंपाला ठेवता येईल, चटईसारख्या घडीच्या पिंपाला नाही, आणि याचे कारण भूमितीतच आहे. बिजागर कोणत्याही पदार्थाचे असो, त्याचा वळण्याचा आस सरळ रेषेत असावा लागतो. फुगीर पिंपाची फळी मध्ये रुंद आणि टोकांना अरुंद असते, शिवाय लांबीतही वाकलेली असते, म्हणून दोन फळ्यांमधला सांधा ही एक वक्र रेषा होते. वक्र रेषेवर दार उघडत नाही, तसे पिंपही उघडणार नाही.

फुगवटा मुळात शोभेसाठी नव्हताच, हेही लक्षात घ्यावे. आडवे पडलेले फुगीर पिंप जमिनीला फारच थोड्या जागी टेकते, त्यामुळे स्वतःपेक्षा जड पिंप एकटा माणूस लोटत नेतो आणि जागच्या जागी वळवतो. दुसरे म्हणजे पट्टा टोकाकडून पोटाकडे ठोकला की तो आपोआप घट्ट होत जातो. खटका नाही, स्क्रू नाही. सरळ पिंपात या दोन्ही सोयी आपण गमावतो. घट्टपणाची भरपाई खटक्याने होते. लोटण्याची अर्धीमुर्धी भरपाई मधले दोन पट्टे जाड ठेवून होते, कारण मग पिंप फळ्यांऐवजी त्या दोन पट्ट्यांवर फिरते आणि सोळा कोनांचे खडखडणेही कमी होते. वळवणे मात्र कठीणच राहते. खटके जमिनीवर आपटू नयेत म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना, त्यांच्यापेक्षा उंच अशा लाकडाच्या दोन पट्ट्या फळीवर उभ्या लावाव्यात.

काही जण खाली निमुळते होत जाणारे पिंप सुचवतात, म्हणजे मोडण्याची गरजच नाही, रिकामी पिंपे बादल्यांसारखी एकात एक बसतील. कल्पना चांगली आहे, पण उतार पुरेसा ठेवावा लागतो. ७५ सेमी उंचीत दोन्ही टोकांच्या व्यासांत ४ सेमीच फरक ठेवला, तर १२ मिमी जाडीच्या फळ्यांचे पिंप दुसऱ्यात इतकेच उतरते की त्याचा ४५ सेमी भाग बाहेर राहतो. फरक १२ सेमी केला तर १५ सेमी बाहेर राहतो, आणि बाहेरच्या पट्ट्यांची जाडी धरली तर त्याहूनही जास्त. एवढा उतार दिला की भरलेल्या पिंपांच्या रांगेत खालच्या बाजूला बरीच जागा वाया जाते. येणे-जाणे दोन्ही मोजून पाहावे. परतीचा प्रवास फार लांबचा नसेल आणि पलीकडे मनुष्यबळ कमी असेल, तर निमुळते पिंप घडीच्या पिंपापेक्षा सरस ठरू शकते. घडीचा आग्रह घडीसाठी धरू नये.

प्रश्न : आमच्याकडे जुनी फुगीर पिंपे पडून आहेत. त्यांत किती माल मावतो हे भरून न पाहता कसे काढावे?

उत्तर : आतला मधला व्यास, आतला टोकाचा व्यास आणि तळापासून झाकणापर्यंतची आतली लांबी मोजा. मधल्या व्यासाच्या वर्गाची दुप्पट करा, त्यात टोकाच्या व्यासाचा वर्ग मिळवा, आलेल्या बेरजेला ३ ने भागा, ०.७८५ ने गुणा आणि शेवटी लांबीने गुणा. समजा, मध्ये ५० सेमी, टोकाला ४३ सेमी आणि लांबी ६६ सेमी आहे. उत्तर सुमारे १,१८,००० घन सेमी, म्हणजे ११८ लिटर येते. व्यवहाराला एवढी अचूकता पुरते.

या नियमामागे एक लग्न आहे. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याने १६१३ साली दुसऱ्या विवाहासाठी दारूची पिंपे घेतली, तेव्हा विक्रेता बुचाच्या भोकातून तिरकी काठी घालून तिच्या ओल्या लांबीवरून किंमत ठरवताना त्याला दिसला. पिंपाचा आकार न पाहता एकच काठी कशी चालते, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही आणि १६१५ साली त्याने पिंपांच्या घनफळावर एक अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. ही मापे कायद्यानेही बांधली गेली आहेत. अमेरिकेत १९१५ च्या कायद्याने फळे, भाज्या आणि कोरड्या मालाच्या प्रमाण पिंपाची फळी साडेअठ्ठावीस इंच लांब, तळ-झाकणांमधले अंतर २६ इंच, पोटाचा बाहेरचा घेर ६४ इंच आणि मावणारा माल ७०५६ घन इंच, म्हणजे जवळपास ११६ लिटर, असे ठरवून दिले होते. आपली पिंपे त्याच कुळातली दिसतात.

नवे पिंप बनवताना मात्र लिटरपासून सुरुवात करू नये, असे मी सुचवेन. पिंप ज्या पॅलेटवर, म्हणजे माल रचून उचलण्याच्या चौकटीवर, उभे राहणार तिच्यापासून सुरुवात करावी. १२०० बाय ८०० मिमीच्या पॅलेटवर ४८ सेमीची दोन पिंपे रुंदीत शेजारी शेजारी बसत नाहीत. तेच पिंप पट्टे आणि खटके धरून ४० सेमीच्या आत ठेवले तर सहा पिंपे नेमकी बसतात. पहिल्या प्रश्नातील ४८ सेमीचे माप मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले होते, आराखडा म्हणून नव्हे.

प्रश्न : अशी पिंपे परदेशी पाठवायची असतील तर लाकडावर प्रक्रिया करावी लागते का? दारूच्या पिंपांना सूट असल्याचे ऐकले आहे.

उत्तर : ऐकलेले खरे आहे, पण ते आपल्याला लागू नाही. लाकडी वेष्टनांबरोबर कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १५ दारूच्या आणि मद्यार्काच्या पिंपांना वगळतो, कारण ती बनवतानाच तापवली जातात. कोरड्या मालाच्या पिंपाची फळी न तापवता वापरली जाते, म्हणून तिला नियम लागतो : साल काढलेले लाकूड, आणि त्याच्या गाभ्यापर्यंत सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान, किंवा मान्य असलेली दुसरी एखादी प्रक्रिया, आणि त्यानंतर ठरलेला शिक्का. संपूर्णपणे ६ मिमी किंवा त्याहून पातळ लाकडाचे वेष्टन आणि प्लायवुड यांना सूट आहे, तेव्हा तळ-झाकणाची चिंता नाही. चिंता फळ्यांचीच आहे. ही उष्णता लाकूड वाळवण्यासाठी नसते, हे विसरू नये. शिक्का असलेली फळी आतून ओली असू शकते, आणि ती पिंपात बसल्यावर वाळू लागली की वर सांगितलेली सगळी कहाणी पुन्हा घडते. ओलावा वेगळा मोजून घ्यावा.

घडीच्या पिंपात आणखी एक खोच आहे. फळ्या बदलता येणे हा त्याचा मोठा गुण, पण दुरुस्तीत घातलेली प्रत्येक नवी फळी प्रक्रिया केलेली आणि स्वतंत्र शिक्का असलेली हवी. सुमारे एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग बदलले तर तो वेष्टनाचा नवा जन्म मानला जातो. जुने शिक्के पुसून पुन्हा प्रक्रिया करावी लागते. सोळांपैकी सहावी फळी बदलण्याआधी थांबून विचार करा.

प्रश्न : कोणते लाकूड घ्यावे? आतून तेल किंवा रंग लावावा का?

उत्तर : गाठी नसलेले, सरळ शिरांचे, वासाला सौम्य असे कोणतेही हलके लाकूड चालेल. राळ सुटणारे लाकूड टाळा. पीठ, चहा, मसाले आजूबाजूचा वास पटकन धरतात आणि तो पिशवीतूनही पोचतो. आतून काही लावू नये. बाहेरून रंग लावल्यास ओलाव्याचे चढउतार सावकाश होतात, एवढाच लाभ, पण फळीच्या दोन्ही टोकांना लावायला विसरू नका, कारण लाकूड सर्वांत वेगाने ओल घेते ते टोकांतून.

प्रश्न : नमुना तयार झाल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यावी?

उत्तर : माल भरण्याआधी ते दोन अशा माणसांच्या हाती द्या, ज्यांनी ते कधी पाहिलेले नाही. कागदावर सूचना देऊ नका, तोंडाने सांगू नका, आणि शेजारी बसून मदत तर मुळीच करू नका, कारण तसे केले की आपणच तो जहाजावरचा कारागीर होता. दहा वेळा उभे करायला आणि दहा वेळा मोडायला सांगा. ज्या क्षणी त्यांचे हात हातोडी शोधू लागतील, तो भाग पुन्हा आखायला हवा. बहुतेक वेळा तो शेवटच्या फळीचा सांधा निघतो. तिथे दोन्ही कडांवरून मिळून अर्धा मिलिमीटर लाकूड कमी केले की झाकण बसवताना होणारी झटापट थांबते.

मग एक पिंप आठवडाभर दमट खोलीत आणि एक आठवडाभर कोरड्या, ऊबदार खोलीत ठेवून पट्ट्याचा स्क्रू दोन्ही टोकांच्या आत राहतो का, ते पाहा. स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत गेला असेल तर पट्टा चुकीच्या लांबीचा आहे.

आपटण्याची परीक्षा शेवटी घ्यावी, आणि ती पिंप पूर्ण भरून. ९० किलोंचे पिंप एक मीटरवरून पडून दोन सेंटिमीटरांत थांबले, तर त्याच्यावर सरासरी त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे ५० पट, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास जोर येतो. काठ, खोबण आणि पट्टा यांची खरी कसोटी हीच आहे, साखरेचा दाब नव्हे. एकदा तळावर सपाट, एकदा बाजूवर आणि एकदा तिरके, खालच्या काठावर पाडा. तिरक्या पडण्यात एक-दोन फळ्यांचे काठ फुटणे हा मोठा दोष मानू नका, फळ्या बदलण्यासाठीच आहेत. पण खटका आपोआप उघडला, तर पिंप कितीही सुंदर असो, खटक्याला अडकवणारी पिन घातल्याशिवाय ते दाराबाहेर पाठवू नका.